सात रंग, सात चेहरे आणि आमचे दिवे : आमची वाटचाल

न्यू जर्सीतील आमच्या छोट्या कंपनीकडून आज ज्या नाट्यसंस्था रंगमंचाचे दिवे भाड्याने घेतात, त्यांपैकी बहुतेकींना आमचे नाव एकाच नाटकामुळे ठाऊक झाले. ते नाटक म्हणजे एन्टोझाके शांगे यांचे 'फॉर कलर्ड गर्ल्स हू हॅव कन्सिडर्ड सुइसाइड / व्हेन द रेनबो इज इनफ'. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीजवळच्या एका बारमध्ये सुरू झालेले हे नृत्यकाव्य सप्टेंबर १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, म्हणजे ब्रॉडवेच्या बूथ थिएटरात पोहोचले आणि तेथे त्याचे ७४२ प्रयोग झाले. तपकिरी, पिवळा, नारिंगी, लाल, जांभळा, निळा आणि हिरवा अशा रंगांनीच ओळखल्या जाणाऱ्या सात कृष्णवर्णीय स्त्रिया आपापली प्रेमे, अपमान आणि नाच घेऊन रंगमंचावर येतात आणि अखेरीस एकमेकींच्या अंगावर हात ठेवून एकमेकींना सावरतात.

दादरच्या शिवाजी मंदिरात स्पॉट ओढत आणि जिलेटिन, म्हणजे दिव्यापुढे लावायचे रंगीत पारदर्शक कागद, कापत मी हा धंदा शिकलो. इकडे आल्यावर पत्नीच्या साथीने भाड्याच्या गोदामात प्रकाश कमी-जास्त करणारे जुने डिमर आणि पार कॅन नावाचे डब्यासारखे दिवे मांडले, आणि पहिली काही वर्षे मराठी मंडळांची नाटके व शाळांची स्नेहसंमेलने यांवर काढली. पुढे नेवार्कमधील एका हौशी संस्थेच्या दिग्दर्शिका आमच्याकडे आल्या. त्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि हेच नाटक बसवत होत्या. दर ठरवण्यापूर्वी त्यांनी एकच अट घातली : सातही मुलींना तालमीला बोलावून त्यांच्या चेहऱ्यांवर दिवे लावून पाहायचे आणि मगच प्लॉट, म्हणजे कोणता दिवा कुठे लावायचा याचा आराखडा, काढायचा.

या धंद्यातले लोक हे लगेच समजतील. समोरून सपाट प्रकाश टाकला की काळी त्वचा राखाडी आणि निर्जीव दिसते. तिचे सौंदर्य बाजूच्या आणि मागच्या प्रकाशात, गालाच्या हाडावर आणि खांद्याच्या कडेवर उमटणाऱ्या झळाळीत असते. आम्ही दोन्ही विंगांत बूम, म्हणजे दिवे बांधायचे खांब, उभे केले, घोट्याच्या, कमरेच्या आणि डोक्याच्या उंचीवर स्पॉट बांधले, एका बाजूला फिकट अंबर, म्हणजे पिवळसर-नारिंगी जिलेटिन, लावला आणि दुसऱ्या बाजूला रोस्को कंपनीचा ५४ नंबरचा लव्हेंडर, म्हणजे फिकट जांभळा. प्रत्येकीला तिच्याच रंगाचा प्रकाश द्यावा असा मोह सगळ्यांना होतो, पण लाल प्रकाशात लाल कपडा फिका पडतो आणि हिरवा जवळजवळ काळा होतो, म्हणून रंग आम्ही फक्त मागच्या मोठ्या पडद्यावर, सायक्लोरामावर, ठेवला. सातजणी शेवटी जवळ येतात तेव्हा मागून येणाऱ्या प्रकाशाने सातही डोक्यांभोवती एकसारखी कडा उमटली, आणि दिग्दर्शिका बाई तिसऱ्या रांगेतून उठून, काही न बोलता, माझ्या डिमरच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

त्यानंतर त्यांचे प्रत्येक नाटक आमच्याकडे आले, आणि त्यांच्या शब्दाखातर इतर संस्थांचीही आली. मधली वर्षे बरी गेली.

मग आमच्याच भागात एक नवी कंपनी उभी राहिली. तिने तीन रंगांचे स्वस्त एलईडी आणले, आमच्या निम्म्या दराने ते द्यायला सुरुवात केली आणि चर्चची व शाळांची सभागृहे एकामागून एक घेतली. टंगस्टनच्या दिव्यात सगळे रंग सलग असतात, म्हणून तपकिरी त्वचेतली लाली आणि सोनेरी छटा त्यात जिवंत राहते. त्या स्वस्त एलईडीत मधले रंगच नसल्यामुळे तीच त्वचा मातकट दिसते, हे आम्ही ग्राहकांना सांगत राहिलो, पण कोटेशनच्या कागदावर फक्त आकडा दिसतो. सर्वांत जिव्हारी लागले ते वेगळेच. त्यांच्या जाहिरातीच्या माहितीपत्रकावर त्या सात स्त्रियांचा जो फोटो छापला होता, तो आमच्या प्रकाशातला, आमच्या बूममधला प्रयोग होता. आम्ही पत्र लिहिले, उत्तर आले नाही. आजही ते आठवले की रक्त खवळते.

अशा अवस्थेत १२ मार्च २०२० रोजी ब्रॉडवे बंद झाले आणि पाठोपाठ आमच्याकडची सभागृहेही. गोदामाचे भाडे थकले. पत्नीने दागिने मोडण्याची तयारी दाखवली, मी डिमरचे जुने रॅक विकले, केबलही वजनावर विकायला काढल्या. त्या वेळी बाईंनी तारीखच न ठरलेल्या प्रयोगाचे पूर्ण भाडे आगाऊ पाठवले आणि सोबत एवढेच लिहिले की, अंबर आणि लव्हेंडर विकू नका. त्या पैशांवर आम्ही तग धरला.

२०२२ मध्ये हेच नाटक कॅमिल ए. ब्राउन यांच्या दिग्दर्शनात आणि नृत्यरचनेत पुन्हा बूथ थिएटरात आले, तेव्हा बाईंनी आम्हा दोघांना सोबत नेले. ब्रॉडवेच्या टोनी पुरस्कारांची सात नामांकने मिळूनही ते जून महिन्यातच बंद पडले, याचे मला आजही वाईट वाटते. स्त्रियांनी स्त्रियांना सावरण्याची ही कथा पाहायला मोठ्या शहराने आणखी यायला हवे होते.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना सांगतो : एलईडी घ्यायचेच तर लाइम (पिवळसर हिरवा) आणि अंबरचे स्वतंत्र दिवे असलेले घ्या, आम्हीही आता तेच घेतले आहेत. जिलेटिनचे तुकडे नंबर लिहून जपा. सुरक्षा-केबल नसलेला एकही स्पॉट टांगू नका. आणि अनामत रक्कम घेतल्याखेरीज सामान गोदामाबाहेर काढू नका, मग समोरचा कितीही ओळखीचा असो. बाईंनी आता दिग्दर्शन आपल्या एका विद्यार्थिनीकडे सोपवले आहे. तिची पहिली ऑर्डर आली आहे, आणि सातही मुलींना चेहऱ्यांच्या चाचणीसाठी कधी पाठवू, असे तिने स्वतःहून विचारले आहे.