जगण्याला मार्क देणारे

आज आत्याला भेटायला एक ओळखीचे गृहस्थ आले होते. तिच्या देखतच मला म्हणाले, "असं जगण्यात काय राहिलंय आता?" तिला पार्किन्सन्स आहे. त्यात चेहऱ्यावरचे भाव गोठतात, आवाज बारीक होतो. डोकं मात्र अनेकदा शाबूत असतं, आत्याचं तर आहेच. ते गेल्यावर पुटपुटली, "मला विचारलं का त्याने?"

अल्ब्रेख्ट आणि डेव्हलिगर या संशोधकांनी नेमकं हेच विचारलं होतं, मध्यम ते गंभीर अपंगत्व असलेल्या माणसांना. १९९९ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून जास्त जणांनी आपलं आयुष्य चांगलं किंवा उत्तम चाललंय असं सांगितलं. बघणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांना काठी, डायपर, थरथरणारा हात एवढंच दिसतं.

म्हणजे सगळं छान आहे असंही नाही. दुखणं असतं, रात्र रात्र झोप नसते. या आजारात नैराश्यही पुष्कळांना येतं आणि त्यावर उपचार असतात, पण "वय झालं, चालायचंच" म्हणत घरचे ते अंगावर काढायला लावतात. याचा मला जास्त राग येतो.

पुढच्या वेळी डॉक्टरांशी आत्याच बोलणार आहे. वेळ लागेल. लागू दे.