कळक, कांडी आणि भीमाकाठचा एक रविवार

हिप्परग्याच्या तलावावर माझी पहिली मासेमारी जेमतेम पंधरा मिनिटं चालली. मोबाइलवरून मागवलेला नऊशे रुपयांचा सेट होता. लांबवता येणारा रॉड, निळं चकचकीत रीळ आणि डोळे वटारलेले दोन प्लास्टिकचे मासे. तिसऱ्या फेकीला रिळाचा दांडा अडकला, तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, आतल्या आत गुंतला आणि एक प्लास्टिकचा मासा काठच्या वेड्या बाभळीत जाऊन बसला. काटे चुकवत तो काढत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "कुणाला विचारून गळ टाकलाव?"

चूक माझीच. एकरुखचा हा तलाव इंग्रजांनी १८७१ साली बांधून पुरा केला, पण सोलापुरात त्याला हिप्परग्याचाच तलाव म्हणतात. तलाव म्हणजे सगळ्यांचा, अशी आपली समजूत असते. पाणी असेल सगळ्यांचं, मासळी नसते. मच्छीमार संस्था तलावांचे ठेके घेतात, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडतात, ती वाढेपर्यंत राखतात. तिथं कुणीही उपटसुंभ गळ घेऊन उभा राहिला तर ते विचारणारच. मी माफी मागितली आणि रॉड आवळून परत निघालो. रीळ आजही तसंच अडकलेलं आहे.

आमच्या गल्लीत एक मामा आहेत. मामा म्हणजे सगळ्या गल्लीचे. घरात तेलुगू, बाहेर मराठी, बाजारात गरज पडली तर कन्नड. चाळीस वर्षं यंत्रमागावर काढली, आता रविवारी नदी. माझा रॉड बघून ते हसले नाहीत, हे मला जास्त लागलं. नुसतं विचारलं, "केवढ्याला?" मी सांगितलं. म्हणाले, "एवढ्यात माझी दहा वर्षं निघतील."

त्याच संध्याकाळी आम्ही खरेदीला गेलो. बुरडाकडून दहा-बारा फुटांचा एक कळक, म्हणजे बांबू, घेतला, ऐंशी रुपयांना. मामांनी तो शेंड्याकडून धरून हलवून बघितला. शेंडा लवला पाहिजे आणि बुडाला हात भरला पाहिजे, एवढीच परीक्षा. तंगुसाचं एक बंडल चाळीस रुपये. छोटे गळ दहा, तीस रुपये. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. मी आपला मोठ्या माशासाठी मोठा नंबर मागत होतो आणि दुकानदार माझ्यापुढं तांदळाएवढे गळ ठेवत होता.

बाकीचं सगळं फुकट. शिशाऐवजी सायकलचा बारका नट. तरंगायला ज्वारीच्या वाळल्या धाटाचं भेंड. आमच्याकडं कडब्याला काय तोटा? धाटाची साल काढून आतलं पांढरं भेंड बोटभर कापायचं, मधून तंगूस ओवायचा आणि काडीनं पाचर मारायची, म्हणजे हवं तिथं सरकवता येतं. आणि रिळाच्या जागी मामांनी मागावरची जुनी कांडी दिली. जिच्यावर बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत भरायचं तिच्यावर आता तंगूस. त्यांनी तो असा गुंडाळला, की एक वेढा दुसऱ्यावर चढला नाही.

गळाची गाठ त्यांनी मला तीनदा दाखवली. सुताला मारतात ती गाठ तंगुसाला चालत नाही, सुटते. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवायचा, स्वतःभोवतीच पाच-सहा वेढे द्यायचे, टोक पहिल्या फटीतून काढायचं, थुंकी लावायची आणि मग ओढायचं. थुंकी नाही लावली तर घासून तंगूस तापतो आणि नेमका गाठीपाशी कच्चा होतो. मला हे सगळं गलिच्छ वाटलं. पुढं नदीवर माझ्या दोन कोरड्या गाठी तुटल्या आणि मत बदललं.

रविवारी पहाटे पाचला निघालो. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा होऊन महिना झाला होता, थंडी नावापुरती. विजापूर रोडनं सोरेगाव, हत्तूर मागं टाकलं, वडकबाळच्या पुलावर सीना ओलांडली. खाली पाणी कमी, गाळ जास्त. मंद्रूपला चहा झाला. मग टाकळीच्या बाजूला भीमा. अलीकडं महाराष्ट्र, पलीकडं कर्नाटक, आणि मधलं पाणी बऱ्याच अंशी उजनीचं. सोलापूरकराला उजनी सांगायला नको. धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखालचं पाणी, म्हणून उन्हाळ्यात आमच्याकडं 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी येते आणि लोक हंडे मोजायला लागतात. शहरासाठी तिथून सोडलेलं पाणी नदीतून औजच्या बंधाऱ्यापर्यंत येतं. पाणी नुकतंच येऊन गेलं असलं तर नदी भरलेली दिसते. पण सोडणार असतील त्या दिवसांत पात्रात उतरायचं नाही, काठावरूनच बसायचं. मामांनी गावातल्या दोघांना आधी तेच विचारलं. आणि दुसरं, इथं बसलं तर कुणाची हरकत आहे का. हिप्परग्याची आठवण मी काढली नाही.

तिथून कुडलचा संगम फार लांब नाही. सीना भीमेला मिळते ती जागा, आणि तिथल्या देवळात शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. मी मोठ्या उत्साहानं म्हणालो, तिकडंच जाऊ की, लेखही बघू आणि गळही टाकू. मामा म्हणाले, "देवाच्या पाण्यात गळ टाकत नसतेत." विषय संपला.

आमिष दोन प्रकारचं होतं. न्हाणीच्या मागच्या ओल्या मातीतली गांडुळं, डब्यात त्याच मातीसकट. आणि कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून केलेला गोळा. मी पहिलं गांडूळ लावलं ते दोन्हीकडून लोंबत होतं. पाच मिनिटांत भेंड थरथरलं, मी जोरात उपसलं, गळ रिकामा. पुन्हा तेच. चौथ्यांदा मामा म्हणाले, "काय करायलास? जेवायला घालायलास का त्यांना?" गांडूळ गळावर मोज्यासारखं चढवायचं आणि टोक झाकण्यापुरतंच ठेवायचं, हे मग कळलं. थरथरलं की उपसायचं नाही हेही. चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, आधी टोचून बघते. भेंड तिरकं होऊन चालायला लागलं किंवा बुडालं, की मनगटानं हलकाच हिसका.

पुढचा अर्धा तास नुसतं भेंड वर-खाली सरकवण्यात गेला, आणि मला वाटतं मासेमारी तीच आहे. कुठल्या खोलीवर आमिष ठेवायचं हे मामा माशाच्या तोंडावरून सांगतात. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो. मृगळाचं खाली, तो तळ चाटतो. रोहू मधला. आणि चिलापी काठालगत, जिथं मिळेल तिथं. ही आपल्या नदीतली नव्हेच. आफ्रिकेतला मासा, १९५२ साली भारतात आणला आणि पाहुणा घरमालक झाला. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, पिल्लंही सुरुवातीला तोंडातच. "तवर ती धड खात बी नाही," मामा म्हणाले. हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडी माया होती, आणि हातात ताजं गांडूळ.

साडेआठच्या सुमाराला माझं भेंड एकदम दिसेनासं झालं. मनगटाचा हिसका वगैरे सगळं विसरून मी कळक दोन्ही हातांनी मागं फेकल्यासारखा उपसला. मासा डोक्यावरून गेला आणि मागच्या गवतात पडला. वीतभर चिलापी. धावत जाऊन मुठीत धरली आणि ओरडलो. पाठीवरच्या परांचे काटे तळहातात घुसले होते. मासा डोक्याकडून शेपटीकडं हात फिरवत, पर मिटवत धरायचा असतो, हे मामांनी रक्त पुसून झाल्यावर सांगितलं. आधी का नाही सांगितलं? "आता विसरतोस का बघ."

दहा वाजेपर्यंत माझ्या तीन, मामांच्या अकरा. माझ्यातली एक चार बोटांएवढी होती, ती सोडून दिली. चार गळ आणि एक भेंड नदीनं ठेवून घेतलं. मग उन्हं तापली तसं भेंड हलायचंच थांबलं. बाभळीच्या सावलीत बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. मामांनी पेंडीचा उरलेला गोळा पाण्यात फेकला, कांडीवर तंगूस गुंडाळला आणि ती कांडी माझ्या खिशात घातली. बाकी काही बोलले नाहीत.

घरी दोन चिलाप्या साफ करून मीठ, हळद, काळं तिखट लावून तव्यावर टाकल्या. काटे भरपूर, मांस बेताचं, चव झकास. आईनं एक घास खाल्ला आणि विचारलं, "पेट्रोल केवढ्याचं टाकलंस?"

"दोनशेचं."

"दोनशेत लक्ष्मी मार्केटमधनं आख्ख्या घराचं जेवण झालं असतं की रे."

कळकाचे ऐंशी मी सांगितले नाहीत. निळ्या रिळाचे नऊशे तर तिला अजून माहीतच नाहीत.