गिनीपिगला रोज कोणती भाजी? एका तक्त्याने मला दमवलं

पिंजरा, पाण्याची बाटली, लपायला खोकी, टिमथीचं वाळलेलं गवत, हे सगळं पटापट जमलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते भाजीच्या तक्त्यापाशी, आणि त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

भुरी आणि चिंगी या माझ्या दोन गिनीपिगना पहिल्या तपासणीला नेलं तेव्हा दवाखान्यातून एक छापील तक्ता मिळाला. छान, प्लास्टिकमध्ये घातलेला. डावीकडे हिरव्या अक्षरांत ‘चालेल’, उजवीकडे लाल अक्षरांत ‘चालणार नाही’. लाल बाजूबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कांदा, लसूण, बटाटा, रूबार्ब, ॲव्होकाडो, टोमॅटोची पानं आणि देठ. हे खरंच द्यायचं नसतं. टोमॅटोचं पिकलेलं फळ थोडंसं चालतं, पण त्याचा हिरवा भाग विषारी असतो. वैताग होता तो हिरव्या बाजूचा. ढोबळी मिरची, पालक, काकडी, पार्सली, केल, गाजर, लेट्यूस, कोथिंबीर... सगळी एकाखाली एक, एकाच आकाराच्या अक्षरांत. किती द्यायचं, आठवड्यातून कितीदा द्यायचं, याबद्दल चकार शब्द नाही.

ज्यांच्याकडून या दोघींना आणलं त्यांनीही हाताने लिहिलेली एक चिठ्ठी दिली होती. तिच्यात पालक आणि पार्सली दोन्ही ‘टाळा’ या यादीत, वर खाली दोन रेघा मारून. दोन्ही कागद मी फ्रिजवर शेजारी शेजारी लावले आणि रोज सकाळी हातात पार्सलीची काडी धरून त्यांच्याकडे बघत उभी राहू लागले. पिंजऱ्यातून शिट्ट्या सुरू. त्यांना फ्रिजच्या दाराचा आवाज दोन खोल्यांपलीकडून कळतो.

शेवटी दवाखान्यात फोन लावला.

“मॅडम, तक्त्यात आहे ना? मग चालेल.”

“पण रोज चालेल का?”

“थोडं थोडं द्या.”

“थोडं म्हणजे किती?”

“डॉक्टरांना विचारून फोन करते.”

फोन काही आला नाही. पुन्हा मीच केला तर पलीकडे दुसरंच कोणीतरी, म्हणजे सगळी कथा पहिल्यापासून. पेशंटचं नाव? भुरी. आडनाव? भुरीचं आडनाव काय सांगणार! मग पुन्हा ‘डॉक्टरांना विचारून सांगतो’. हे असं बरंच चाललं. मला औषध नको होतं, तपासणी नको होती. तक्त्यातल्या एका ओळीपुढे ‘रोज’ लिहायचं की ‘क्वचित’, एवढंच हवं होतं. तेवढ्यासाठी अख्खी भेट ठरवायला सांगितली, आणि भेटीची तारीख लांबची.

भेट झाली तेव्हा डॉक्टरांनी उभ्या उभ्या दोन मिनिटांत सगळा उलगडा केला. (त्या चांगल्या आहेत. त्यांच्यापर्यंत पोचणं हीच काय ती परीक्षा.) मुद्दा कॅल्शियमचा होता. बऱ्याच प्राण्यांचं शरीर अन्नातून गरजेपुरतं कॅल्शियम घेतं. गिनीपिगचं आतडं समोर येईल त्यातलं बरंचसं शोषून घेतं आणि जास्तीचं लघवीवाटे बाहेर टाकतं. म्हणून त्यांची लघवी वाळली की कधीकधी पांढरट डाग दिसतो. थोडासा असेल तर घाबरायचं कारण नाही. पण बोटाला रवाळ लागला, लघवीत रक्त दिसलं किंवा लघवी करताना जनावर ओरडलं, तर तडक डॉक्टरकडे. त्यांच्यातले मूतखडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचेच असतात. पालकात कॅल्शियमबरोबर ऑक्झलेट, म्हणजे खडे व्हायला हातभार लावणारं द्रव्यही भरपूर, म्हणून तो रोजच्या ताटातून बाद.

“मग पार्सली?” मी विचारलं.

“एखादी काडी, अधूनमधून. रोज जुडी नाही.”

म्हणजे तक्ता खोटा नव्हता आणि चिठ्ठीही खोटी नव्हती. तिसरा रकाना, ‘किती आणि कितीदा’, कोणी छापलाच नव्हता. तो छापायला किती शाई लागली असती?

घरी येऊन मी पोषणमूल्यांची आकडेवारी काढून बसले. १०० ग्रॅम पार्सलीत क जीवनसत्त्व सुमारे १३० मिलिग्रॅम, आणि कॅल्शियमही जवळपास १४०. १०० ग्रॅम लाल ढोबळी मिरचीत क जीवनसत्त्व जवळजवळ तेवढंच, कॅल्शियम मात्र १० मिलिग्रॅमच्या आत. हे दोन आकडे शेजारी ठेवले की रोज काय द्यायचं ते कोणाला विचारावं लागत नाही. हिरव्या ढोबळीत क जीवनसत्त्व लालपेक्षा कमी, ८० च्या आसपास, पण साखरही कमी. त्यामुळे मी दोन्ही आलटून पालटून देते.

क जीवनसत्त्वावर एवढा भर का, तर गिनीपिगच्या शरीरात ते तयारच होत नाही. आपल्यासारखंच. ते बनवायला लागणारं एक विकर त्यांच्याकडे नसतं. १९०७ मध्ये ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक या नॉर्वेतल्या संशोधकांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं तेव्हा त्यांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्व कमी पडून होणारा रोग, झाला, आणि माणसाच्या या रोगाचा अभ्यास प्राण्यांवर करता येतो हे तिथून कळलं. बिचारी जनावरं. गरज साधारण शरीराच्या एका किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅमची, गाभण मादीला त्याहून जास्त. माझ्या दोघी किलोच्या आसपास आहेत. म्हणजे प्रत्येकीला लाल ढोबळीची २० ग्रॅमची फोड, की काम झालं. कमी पडलं तर केस राठ होतात, सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं, जनावर हलायला कंटाळतं. पाण्यात टाकायचे थेंब मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. पाण्यात आणि उजेडात ते जीवनसत्त्व लवकर निकामी होतं, आणि चव बदलली म्हणून जनावर पाणीच कमी प्यायलं तर आणखी पंचाईत.

कागदावर सगळं जमलं, पण चिंगीला ढोबळी मिरची मान्य नव्हती. तिने फोड हुंगली, तिच्यावर पुढचे दोन पाय ठेवले आणि वरून चालत गवताकडे निघून गेली. गिनीपिग काय खायचं ते लहानपणीच ठरवून टाकतात. मोठेपणी नवीन चव गळी उतरवायची तर चिकाटी हवी. मी फोड अगदी पातळ कापून कोथिंबिरीच्या पानांत गुंडाळून ठेवायला लागले. एक दिवस तिने आतला पांढरा भाग कुरतडला आणि साल टाकून दिली. ती साल भुरीने ओढून नेली, आणि लगेच चिंगीला तीच हवी झाली. दोघी दोन टोकं धरून ओढत बसल्या. त्यानंतर मिरची रोज जाते. मत्सराइतका गुणकारी मसाला नाही.

आता आमच्याकडे रोज ढोबळीची फोड, रोमेन लेट्यूसची एकदोन पानं आणि कोथिंबिरीच्या थोड्या काड्या असतात. आइसबर्ग लेट्यूस मी घेत नाही, त्यात पाण्याशिवाय फारसं काही नसतं. काकडीचंही तेच, पण उकाड्यात एक चकती देते. गाजर गोड, म्हणून पातळ चकती, आठवड्यातून एखाद्या वेळी. पार्सलीची काडी कधीतरी. कोबी आणि ब्रोकोली अगदी थोडी, कारण पोटात गॅस धरतो. सगळं मिळून एका जनावराला दिवसाला साधारण एक कप. आणि हे सगळं गवताच्या जोडीला. पिंजऱ्यात गवत चोवीस तास हवंच, कारण त्यांचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजायला चघळणं लागतं.

अरे हो, नवीन भाजी एका वेळी एकच, तीही चिमूटभर. लेंड्या मऊ झाल्या तर बंद. दोन नवीन भाज्या एकदम दिल्या तर कोणती बाधली ते कळत नाही. भाजी नीट धुऊन द्या आणि उरलेली काही तासांत काढून टाका. जनावराने खाणंच सोडलं तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. त्यांचं आतडं थांबलं तर एका दिवसात गंभीर होतं.

सशांचा तयार खुराकही परस्पर यांना घालू नका. दिसायला सारखाच, पण त्यात क जीवनसत्त्व घातलेलं नसतं. गिनीपिगच्या खुराकातलंही साठवणीत कमी होत जातं, तेव्हा पाकिटावरची बनवल्याची तारीख बघूनच घ्या, आणि मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून भुलू नका.