तू आन्दारे

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. सगळे झोपलेत. सकाळचं ते एक वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून वही उघडली.

‘तू आन्दारे स्पोर्तेल्लो त्रे.’ काचेपलीकडून इटालियनमध्ये एवढंच. बोटाने तीन नंबरची खिडकी दाखवली आणि पुढचा नंबर पुकारला. आवाज चढवला नाही, वाईट काही बोलला नाही. उलट एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला घास भरवावा तसा. माझ्या आधी इथलीच, इटालियन, एक बाई होती. तिला त्याच माणसाने ‘वादा आल्लो स्पोर्तेल्लो त्रे, सिन्योरा’ म्हटलेलं मी ऐकलं होतं. तिला आदरार्थी रूप, नीट चालवलेलं. मला शब्दकोशातलं नुसतं मूळ रूप. म्हणजे ‘तू जाणे खिडकी तीन’.

मी तोंडही उघडलं नव्हतं. चालवलेलं क्रियापद मला पेलणार नाही हे त्याला कशावरून कळलं?

आणि नेमकं आन्दारेच. क्लासमध्ये सध्या तेच चाललंय. वादो, वाइ, वा, आन्द्यामो, आन्दाते, वान्नो. व-ची रूपं लॅटिनमधल्या ‘वादेरे’वरून आली, आन्द-ची कुठून आली यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. दोन वेगळे धातू एका क्रियापदात नांदताहेत. आघात धातूवर पडला की व, शेवटावर गेला की आन्द, हे बाईंनी फळ्यावर दाखवलं तेव्हा मला अक्षरशः भरून आलं होतं. शाळेत संस्कृतचे धातू चालवायचो, तेव्हापासून असा आनंद झाला नव्हता. भांडी घासताना म्हणते, बसची वाट बघताना म्हणते. भूतकाळात तर जाणारी बाई आहे हेसुद्धा रूपातच येतं: सोनो आन्दाता. एवढं सगळं मी माझं करून घ्यायचं, आणि समोरच्याने माझ्याशी बोलताना तेवढंच काढून टाकायचं.

ह्याला सांगितलं तर म्हणाला, काम झालं ना? झालं. आईला फोनवर सांगणार होते, पण बाबांच्या रिपोर्टचंच बोलणं निघालं, आणि मग तेही अर्धंच राहिलं.

इटलीत पाच वर्षं झाली की कायमच्या पेर्मेस्सोसाठी, म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी, इटालियनची ए-टू पातळी लागते, नागरिकत्वाला २०१८ पासून तिच्या वरची बी-वन. त्या परीक्षेत मी ‘तू आन्दारे’ लिहिलं तर चूक धरतील.

संध्याकाळी बाईंना विचारलंच. त्यांना नवल वाटलं नाही. परदेशी माणसाशी पुष्कळ लोक असं बोलतात, म्हणाल्या, त्यांना वाटतं सोपं जातं. कसलं सोपं! ‘वाइ’ म्हटलं की कोण आणि कधी, दोन्ही त्या एका शब्दात आलं, ‘तू’ लावायचीही गरज नाही. ‘तू आन्दारे’ म्हणजे जा, जातेस, गेलीस की जायला हवं होतंस? बोट नसतं तर मला कळलंच नसतं.

लिहिता लिहिता आमच्या सोसायटीतला नेपाळी वॉचमन आठवला. आई त्याच्याशी असंच बोलायची, ‘तुम उधर जाना, वो पाईप बघना’. दर दिवाळीला फराळाचं पहिलं ताट त्याचं असायचं, त्याच्या मुलीच्या फीचे पैसेही तिने भरले होते. तिच्या मनात त्याच्याबद्दल कमीपणा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. मग खिडकीतल्या माणसाच्या मनात तरी होता असं मी कशावरून धरून चालले? दिवसभर काचेमागे बसून शंभर जणांना तीन नंबर दाखवायचा. त्याने त्याच्या परीने मदतच केली असेल. आता राग येत नाहीये. वॉचमनला काय वाटत असेल हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

तरी मला ‘वादा’ हवंय. राग गेला म्हणून ते नको झालं नाही.

बाईंनी निघताना एक वाक्य लिहून दिलंय: ‘मी दीआ देल लेई, पेर फावोरे’, माझ्याशी आदरार्थी बोला. पुढच्या वेळी काचेपाशी म्हणणार आहे. त्यातला ‘दीआ’ दारेचा, म्हणजे ‘देणे’चा, आणि दारेही अनियमितच. दो, दाइ, दा, द्यामो, दाते, दान्नो. झोपायच्या आधी एकदा लिहून काढते.