प्रयोगशाळेतून कारखान्यात जाताना संशोधन नेमकं कुठे अडतं?

नोव्हेंबर 1973 मध्ये स्टॅनफर्डचे स्टॅनली कोहेन आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले हर्बर्ट बॉयर यांचा डीएनए जोडण्याच्या तंत्रावरचा शोधनिबंध छापून आला. पेटंटचा अर्ज गेला तो थेट नोव्हेंबर 1974 मध्ये. शोध जाहीर झाल्यावर अर्ज करायला अमेरिकेत वर्षभराची सवलत मिळते, म्हणून तिथलं पेटंट हातून गेलं नाही. युरोपात अशी सवलत नाही. अमेरिकेबाहेरचे हक्क निबंध छापून आला तेव्हाच बुडाले. संपूर्ण जैवतंत्रज्ञान उद्योग ज्या तंत्रावर उभा राहिला, त्याची ही गोष्ट.

हीच चूक आजही सर्रास होते. परिषदेतलं पोस्टर, ग्रंथालयात ठेवलेला प्रबंध, संकेतस्थळावर चढवलेला सारांश, हे सगळं ‘प्रसिद्धी’तच मोडतं. क्रम उलटा हवा: आधी तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षाकडे, म्हणजे विद्यापीठातल्या शोधांचे पेटंट आणि परवाने पाहणाऱ्या विभागाकडे, शोधाची लेखी माहिती, मग पेटंटचा प्राथमिक अर्ज, आणि त्यानंतर निबंध. कक्ष तत्पर असेल तर यात काही आठवडेच जातात, त्यामुळे निबंध रखडण्याची भीती अनाठायी आहे.

पहिल्या अर्जानंतर परदेशासाठी 12 महिने मिळतात. त्या मुदतीत पीसीटी (पेटंट सहकार्य करार) मार्गाने आंतरराष्ट्रीय अर्ज केला, तर बहुतेक देशांत प्रत्यक्ष दाखल होण्याची मुदत पहिल्या तारखेपासून 30 महिन्यांपर्यंत लांबते. शोध वापरण्याचा परवाना घेणारी कंपनी शोधायची ती याच काळात. पुढे प्रत्येक देशाचं शुल्क, भाषांतर आणि वकील असा खर्च सुरू होतो. घेणारा कुणी मिळालाच नाही तर अर्ज सोडून द्यावा. वार्षिक अहवालात आकडा दिसावा म्हणून नूतनीकरण शुल्क भरत राहणं म्हणजे संशोधनाचाच पैसा वाया घालवणं.

परवाना कसा द्यायचा, हेही कोहेन-बॉयर प्रकरणातून शिकण्यासारखं आहे. स्टॅनफर्डने तो एकाच कंपनीला दिला नाही. सुरुवातीला 10,000 डॉलर, दरवर्षी किमान 10,000 डॉलर आणि विक्रीवर रॉयल्टी, अशा अटींवर तो सर्वांना खुला ठेवला. 1997 मध्ये पेटंट संपेपर्यंत 468 कंपन्यांनी तो घेतला आणि सुमारे 25.5 कोटी डॉलर जमा झाले. जे तंत्र सगळ्यांच्याच हत्यारपेटीत हवं, त्यासाठी हाच मार्ग योग्य. औषधाच्या एखाद्या रेणूचं मात्र वेगळं असतं. चाचण्यांवर कित्येक वर्षं खर्च करणारी कंपनी एकाधिकार मागणारच, आणि तो द्यावाही. पण करारात टप्पे आणि तारखा लिहा: नमुना कधी, पहिली चाचणी कधी, विक्री कधी. टप्पा चुकला तर एकाधिकार संपेल, हे कलम नसेल तर कंपनी तंत्रज्ञान कपाटात ठेवून देते आणि दुसऱ्या कुणालाही ते मिळत नाही.

कोहेन-बॉयरसारखी कमाई हा अपवाद आहे. बहुतेक कक्षांचा स्वतःचा खर्चही परवान्यांतून सुटत नाही, म्हणून कक्षाकडे उत्पन्नाचं साधन म्हणून पाहू नये असं माझं ठाम मत आहे. नॉर्वेत 2003 पूर्वी विद्यापीठातल्या शोधाचे सगळे हक्क संशोधकाकडे असत. कायदा बदलला आणि दोन तृतीयांश वाटा विद्यापीठाकडे गेला. त्यानंतर विद्यापीठातल्या संशोधकांच्या नव्या कंपन्या आणि पेटंट, दोन्ही जवळपास निम्म्यावर आले. शोधापाठोपाठ लागणारं डोकं, वेळ आणि चिकाटी संशोधकाचीच असते. त्याला वाटा उरला नाही तर तो पुढचा निबंध लिहायला घेतो. नव्या कंपनीत विद्यापीठाने भागभांडवलाचा मोठा हिस्सा मागितला, तर पुढचे गुंतवणूकदारही पाठ फिरवतात.

आता विद्यापीठाच्या आसपासच्या प्रदेशाचा विचार. परवाना जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. जवळ राहतात ती माणसं आणि यंत्रं. तंत्रज्ञानाची तयारी 1 (मूळ तत्त्व) ते 9 (प्रत्यक्ष वापर) अशा पातळ्यांत मोजतात. विद्यापीठाचं काम साधारण 3 किंवा 4 वर थांबतं, कंपनीला 6 किंवा 7 हवी असते. मधल्या टप्प्याला कुणी पैसे देत नाही, कारण संशोधकाचा निबंध झालेला असतो आणि कंपनीला माल अजून दिसत नसतो. जर्मनीत 1949 मध्ये सुरू झालेल्या फ्राउनहोफर संस्था नेमक्या याच मधल्या जागेत काम करतात. त्यांना पायाभूत अनुदान साधारण एक तृतीयांशच मिळतं. बाकीचं कंत्राटी कामातून आणि प्रकल्पांतून मिळवावं लागतं, त्यामुळे उद्योगाच्या दारात जाणं त्यांना चुकत नाही.

विद्यापीठाला एवढी मोठी रचना झेपली नाही तरी एक गोष्ट नक्की जमते. आसपासच्या लहान उद्योगांना पेटंट नकोच असतं. ओतकामाला तडा का जातो, लेप का सुटतो, एवढंच त्यांना कळायला हवं असतं. त्यासाठी लागणारं सूक्ष्मदर्शक अनुदानातून येतं, पण चालवणारा तंत्रज्ञ आणि देखभाल करार यांची तरतूद नसते, म्हणून ते झाकून पडून राहतं. यंत्र घेतानाच या दोन्हींची पाच वर्षांची तरतूद करा, चाचण्यांचे दर जाहीर करा आणि अहवालाची मुदत ठरवून द्या.