नव्या डबड्यात जुन्या डिस्क टाकण्याआधी

"नवीन नॅस घ्या, जुन्या डिस्क काढून त्यात सरकवा, झालं" असं कोणी सांगितलं तर राजेहो, एक मिनिट थांबा. नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायचा, आत हार्ड डिस्क असलेला फायली साठवायचा डबा. नागपूरच्या सीताबर्डीवर माझं रिपेअरिंगचं दुकान आहे आणि हे वाक्य ऐकून आलेले लोक मी बरेच पाहिले, पण मागच्या मे महिन्यातली केस डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतोय.

महालातले एक फोटोग्राफर काका आले, सोबत मुलगी, टॉवेलात गुंडाळलेल्या दोन साडेतीन इंची डिस्क. काका कित्येक वर्षांपासून मारबतीचे फोटो काढतात. बाहेरच्यांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीनं निघतात, काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत अख्खं इतवारी रस्त्यावर असते. त्या मिरवणुकीचे सगळे फोटो, निगेटिव्ह स्कॅन केलेले सुद्धा, या दोन डिस्कवर, दुसरी कॉपी कुठंच नाही. लाइटच्या झटक्यात जुन्या नॅसचा बोर्ड जळाला, कंपनीनं ते मॉडेल कधीचंच बंद केलेलं, तर एका दुकानदारानं दुसऱ्या कंपनीचा नवा डबा दिला आणि वरचं वाक्य ऐकवलं. घरी डिस्क टाकल्यावर स्क्रीनवर आलं, इनिशियलाइझ करायचं का? काका होय म्हणणारच होते, पोरीनं माऊस धरला. मग यूएसबी डॉकनं, म्हणजे डिस्क बाहेरून जोडायच्या स्टँडनं, विंडोजच्या कॉम्प्युटरला लावलं तर ते म्हणे फॉरमॅट करा, तिथंही तिनं कॅन्सल दाबलं. त्या पोरीला मी दुकानातच हात जोडले, खरं सांगतो.

दुकानदार तसं म्हणतात त्याला कारण आहे. घरगुती नॅसच्या पोटात बहुतेक लिनक्सच असतं, दोन डिस्कचा आरसा करणारा, म्हणजे दोन्हींवर तीच माहिती ठेवणारा रेडही लिनक्सच्याच एमडीएडीएम टूलचा, आणि त्यावर फायली मांडायची पद्धत, म्हणजे फाइल सिस्टिम, ईएक्सटी४ नाहीतर बीटीआरएफएस. आणि रेडची माहिती डब्यात नसते, डिस्कवरच लिहिलेली असते, म्हणून एकाच कंपनीच्या जुन्या डब्यातून नव्यात डिस्क टाकल्या तर पुष्कळदा चालून जाते. पण कंपनी बदलली की प्रत्येकाची मांडणी वेगळी. सिनॉलॉजी ही नॅसची कंपनी प्रत्येक डिस्कच्या पहिल्या पार्टिशनवर, म्हणजे पहिल्या भागावर, स्वतःची सिस्टिम ठेवते, दुसरी कंपनी क्यूनॅप, तिनं एलव्हीएममध्ये, म्हणजे डिस्कची जागा वाटणाऱ्या लिनक्सच्या थरात, स्वतःचे बदल केलेत म्हणून त्यांचे बरेच व्हॉल्यूम साध्या लिनक्सला सुद्धा उघडत नाहीत. दुसऱ्याची मांडणी दिसली की नवा डबा डिस्क कोरी समजतो आणि आपली पार्टिशन पाडायला परवानगी मागतो. इनिशियलाइझ म्हणजे तेच, पण स्क्रीनवर ते असं साधं लिहिलेलं असते की माणसाला वाटते चालू करायचं बटन आहे. माझ्या मते त्या जागी लाल अक्षरात "सगळं पुसलं जाईल" एवढं आधी पाहिजे, खाली बारीक नाही.

मी आधी दोन्ही डिस्कचं स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते तो तब्येतीचा रिपोर्ट, पाहिलं. एकीवर पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे तुकडे, चढलेले, दुसरी साफ. मूळ डिस्कवर काहीच करायचं नाही, आधी क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, मग जे करायचं ते क्लोनवर, हा माझा नियम. बाहेर पंचेचाळीसचं ऊन, कूलरचा ओला वारा डिस्कवर नको म्हणून त्यांना टेबल फॅन लावून दिला आणि खराब डिस्कची नक्कल काढणारं डीडीरेस्क्यू टूल रात्रभर चालू ठेवलं. तीन टीबीची डिस्क सलग वाचायलाच सात-आठ तास जातात. रेडची माहिती वाचली तर दोन्हींचा इव्हेंट काउंट, म्हणजे रेडनं ठेवलेला बदलांचा आकडा, जुळेना, म्हणजे खराब डिस्क वर्षभराआधीच आरशातून बाहेर पडली होती. काका म्हणाले, "डब्यावर पिवळा लाइट लागून राहिला होता भाऊ, मला वाटलं चालू असल्याचा असन." म्हणजे वर्षभर एकाच डिस्कवर सगळा भार.

साफ डिस्कच्या क्लोनवरून रीड-ओन्ली रेड उभा केला, तो उभा राहिला. माउंट केलं, म्हणजे फायली पाहायला उघडायला गेलो, तर नाही म्हणते. लॉग उघडला, त्यात एकच ओळ, बॅड ब्लॉक साइज ६५५३६, म्हणजे फायली ठेवायच्या कप्प्याचा, ब्लॉकचा, आकार चालत नाही. ते वाचून मी खुर्चीतून उठलो, कारण याचा अर्थ डेटा शाबूत आहे, फक्त माझ्या मशीनला वाचता येत नाही! त्या जुन्या डब्यात पॉवरपीसी प्रोसेसर होता आणि त्याची मेमरी ६४ केबीच्या पानांवर, म्हणजे तेवढ्या तुकड्यांत, चालायची, म्हणून फाइल सिस्टिमचे ब्लॉकही ६४ केबीचे. आपल्या इंटेल-एएमडीचं पान ४ केबीचं, आणि माझ्याकडच्या लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, पानापेक्षा मोठा ब्लॉक माउंट करत नव्हता. मग कर्नलला बाजूला ठेवायचं. डीबगएफएस नावाचं टूल फाइल सिस्टिम स्वतःच वाचते, पानाशी त्याला घेणंदेणं नाही. फोल्डरची यादी मागितली आणि वर्षवार मराठी नावं खाली सरकू लागली. काकूंचा फोन आला होता, काकांनी उचलून फक्त "आहेत, आहेत" एवढंच म्हटलं.

आता नव्या डब्यात टाकायचं. कॉपी चालू झाली आणि मधेच काही फायली नाव मोठं आहे म्हणून अडल्या. दुकानदारानं सेट करताना शेअर फोल्डर एन्क्रिप्टेड करून दिला होता. एरवी फाइलच्या नावाला २५५ बाइटची जागा असते, या प्रकारच्या एन्क्रिप्शनमध्ये १४३ च उरते, आणि देवनागरीचं एक अक्षर, एक मात्रा, एक वेलांटी, प्रत्येकी तीन बाइट खाते. "पिवळी मारबत इतवारी नेहरू पुतळ्यापाशी भेट सकाळची गर्दी" हे एक नाव जेपीजी धरून १४९ बाइट भरलं. नावं आपोआप कापायची स्क्रिप्ट लिहायला फार वेळ लागत नाही, तसं विचारलं तर काका म्हणाले, "नाव नका कापू ना भाऊ, फोटोत काय आहे ते नावातच हाय." बरोबर होतं त्यांचं. वीस वर्षांनी तो फोटो शोधणाऱ्याला ते नावच लागणार आहे. एन्क्रिप्शन नसलेला नवा फोल्डर केला, सगळं परत पाठवलं आणि दोन्हीकडचे चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारे आकडे, जुळवले.

नव्या डब्यात नव्या डिस्क टाकायला लावल्या, खर्च वाढला पण काकांनी कुरकुर केली नाही. तिसरी कॉपी यूएसबी डिस्कवर काढून दिली, ती मुलगी वर्ध्याला आपल्या घरी घेऊन गेली. जुन्या दोन्ही डिस्कवर मार्करनं कोणती साफ, कोणती खराब ते लिहून दिलं आणि डब्याचा ई-मेल अलर्ट काकांच्या नाही, मुलीच्या मोबाइलवर लावला.