जुन्या घराची पाइपलाइन बदलताना

साताऱ्यातल्या आमच्या घराचे जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आतून गंजून चोंदले होते. वरच्या मजल्यावर नळाला करंगळीएवढी धार. बाथरूमच्या फरशा काढायच्याच होत्या, म्हणून पाइपलाइनही उरकून घ्यायचं ठरवलं.

पोवई नाक्याजवळच्या दुकानात पहिला प्रश्न आला, "काका, सोलर आहे का?" आहे म्हटल्यावर गरम पाण्यासाठी पांढरा यूपीव्हीसी, म्हणजे साधा कडक प्लॅस्टिकचा पाइप, बाद झाला. तो साठ अंशांच्या आसपास नरम पडायला लागतो, आणि उन्हाळ्यात सोलरचं पाणी त्यापुढे सहज जातं. त्याचाच उष्णता सोसणारा भाऊ सीपीव्हीसी 93 अंशांपर्यंत चालतो. प्रेशरचा मोठा आकडा मात्र थंड पाण्याचा असतो. एसडीआर 11 चा (बाहेरचा व्यास जाडीच्या अकरा पट असलेला) सीपीव्हीसी पाइप 23 अंशांना दर चौरस सेंटीमीटरला 28 किलोचा दाब घेतो, 82 अंशांना 7 चाच. तरी घाबरायचं कारण नाही. टाकी दहा मीटर उंच असली तरी नळाला दाब एक किलोच येतो. म्हणून त्याहून जाड पाइप घ्यायला मी नकार दिला.

थंडला यूपीव्हीसी, गरमला सीपीव्हीसी केलं की पैसे वाचतात. पण दोन्ही पाऊण इंची म्हणवणारे पाइप बाहेरून मोजले तर सीपीव्हीसी 22.2 मिमी आणि यूपीव्हीसी 26.7. एकाचा एल्बो (वळणाचा जोड) दुसऱ्याला बसत नाही, चिकटवायचं सोल्यूशनही वेगळं. उद्या भिंत फोडावी लागली तर हा घोळ कोण निस्तरणार? भिंतीत सगळं सीपीव्हीसी, टाकीची थंड पाण्याची बाहेरची लाइन यूपीव्हीसी, असं केलं. पाइपवर घासाघीस केली, नळाच्या पितळी आट्यांच्या एल्बोवर नाही. पान्हा जरा जास्त आवळला की प्लॅस्टिकचे आटे तडकतात आणि पाणी फरशीमागे झिरपत राहतं.

कोयनेच्या जलाशयाकाठी बामणोलीला मेहुण्याची लाँच आहे, तिच्यातल्या छोट्या बेसिनसाठी उरलेला पाइप न्यावा असं मनात होतं. प्लंबर दादांनी हाणून पाडलं. इंजिनाच्या थरथरीने चिकटवलेले कडक जोड उकलतात म्हणे. तिथे पिण्याच्या पाण्याची लवचीक नळी आणि स्टीलचे क्लिप लावले. बागेची नळी स्वस्त पडली असती, पण पाण्याला रबराचा वास कोण सोसणार!

फरशा लावायच्या आधी पंपाने दाब देऊन लाइन रात्रभर ठेवायला लावली. दादा कुरकुरले, पण एक जोड ओला सापडलाच. तो बदलल्यावर प्रत्येक भिंतीचा, मोजायची टेप लावून, फोटो काढला. गीझरसाठी ड्रिल मारताना तोच उपयोगी पडला.